‘वाचनाची आवड’ मोजणार कोण? ग्रंथालयातल्या नोकऱ्या आणि आपली मुले

मागच्या वर्षी आमच्या शहरातल्या एका ग्रंथालयाची जाहिरात आली. जागा ग्रंथालय सहायकाची. ग्रंथालयशास्त्राची पदवी किंवा प्रमाणपत्राची अट नाही, वाचनाची मनापासून आवड असलेल्या उत्साही तरुणांना प्राधान्य, असे त्यात लिहिले होते. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर ती जाहिरात पडली तेव्हा आम्हाला आनंदच झाला. आपल्या वस्त्यांमधून, विहारांमधून वाचनालये चालवणारी शेकडो पोरे-पोरी आहेत. त्यांच्याकडे बी.लिब.चा कागद नाही, पण काम हाताखालून गेलेले आहे. अशांसाठी कुठेतरी एक दार उघडले, असे आम्हाला वाटले.

आमच्या विहारातले वाचनालय पाच वर्षे सांभाळणाऱ्या एका मुलीने अर्ज केला. मुलाखतीला जाऊन आली आणि गप्प बसून राहिली. विचारल्यावर म्हणाली, “दादा, त्यांनी मला कामाचा एकही प्रश्न विचारला नाही. घरी पुस्तकं किती आहेत, लहानपणी कोणती मासिकं यायची, आई-वडील काय वाचतात, हेच विचारलं. मी म्हटलं, आई धुण्याभांड्याची कामं करते, ती वाचत नाही. मग पुढं विचारायला त्यांच्याकडं काही राहिलं नाही.”

हीच मुलगी अठराशे पुस्तकांची दाखल नोंदवही ठेवते. कोणते पुस्तक कोणाकडे आहे आणि ते किती दिवस थकले आहे हे तिला वही न उघडता सांगता येते. स्पर्धा परीक्षेच्या पोरांची जागेवरून भांडणे लागली तर ती मिटवते. दहावी नापास झालेल्या पोराच्या हातात बळेच नाही, पण अलगद एखादे पुस्तक ठेवते. हे सगळे त्या खोलीत कोणाला कळले नाही, कारण ते कोणी विचारलेच नाही. निवड दुसऱ्या कोणाची तरी झाली. निवडलेली व्यक्ती वाईट असेल असे आमचे म्हणणे नाही. आमचा प्रश्न निकषाबद्दल आहे. नंतर जाहिरात नीट वाचली तेव्हा खालची ओळही दिसली: अकरा महिन्यांसाठी, मानधन तत्त्वावर.

तेव्हापासून आमच्यात यावर वाद चालू आहे. व्यवसायाबाहेरची, पण पुस्तकांची तळमळ असलेली माणसे ग्रंथालयात नोकरीवर घ्यावीत की नाही? आमच्यातले बी.लिब., एम.लिब. झालेले मित्र चिडून म्हणतात, “आम्ही कर्ज काढून शिकलो, सेट-नेट झालो, भरतीची वाट बघत वय निघून चाललं, आणि आता पदवीच नको म्हणतात?” वस्तीत वाचनालये चालवणारे कार्यकर्ते म्हणतात, “कागद नाही म्हणून आम्ही आयुष्यभर फुकटच राबायचं का?” दोघेही आपलेच आहेत आणि दोघांचेही खरे आहे. म्हणून या प्रश्नावर आंबेडकरी चळवळीने स्वतःची भूमिका घेतली पाहिजे. आम्ही आमची भूमिका इथे मांडत आहोत.

बाहेरून आलेल्यांनीच पाया घातला

पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. ग्रंथालयाच्या कामात बाहेरची माणसे नकोत, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

बाबासाहेबांच्या आयुष्यात पुस्तक आणणारा माणूस आठवा. शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या भीमरावाकडे कृष्णराव अर्जुन केळुसकरांचे लक्ष गेले. केळुसकर शिक्षक होते. त्यांनी त्या मुलाला वाचायला पुस्तके दिली. परीक्षा पास झाल्यावरच्या सत्कारसभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे सयाजीराव महाराजांकडे शिष्यवृत्तीसाठी शब्दही टाकला. योग्य वाचकाच्या हातात योग्य पुस्तक पोचवणे हे ग्रंथपालाचे काम मानले, तर केळुसकरांनी ते काम केले आणि त्यांच्याकडे कोणतेही ग्रंथालयीन पद नव्हते.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचे नाव प्रत्येक बी.लिब.च्या विद्यार्थ्याला पाठ असते, ते शियाळी रामामृत रंगनाथन हेही बाहेरचेच. ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत होते. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथपालपदी त्यांची नेमणूक झाली. या पदासाठी सुमारे नऊशे अर्ज आले होते आणि त्यांत ग्रंथालयाचे शिक्षण घेतलेला एकही नव्हता, असे सांगितले जाते. रंगनाथनही घेतलेले नव्हते. इथे आजच्या ‘आवड’वाल्यांनी एक गोष्ट नीट ऐकावी. रंगनाथन यांना त्या कामाची आवडसुद्धा नव्हती. पगार बरा होता म्हणून ते आले आणि थोड्याच दिवसांत कंटाळून, मला माझा गणिताचा वर्ग परत द्या, म्हणू लागले. त्यांना सांगण्यात आले की आधी लंडनला जाऊन हे शास्त्र शिकून या, आल्यावरही नको वाटले तर गणिताची जागा मिळेल. ते गेले, शिकले, तिथली ग्रंथालये पाहिली आणि १९२५ मध्ये परत आले ते कायमचे ग्रंथपाल होऊन. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडणारे पुस्तक लिहिले. म्हणजे त्यांच्या बाबतीत नोकरी आधी आली, मग शिक्षण आणि त्यानंतर आवड.

तिसरे उदाहरण आपल्याला जास्त जवळचे वाटेल. अमेरिकेतल्या लुईव्हिल शहरात १९०५ मध्ये काळ्या लोकांसाठी सार्वजनिक ग्रंथालयाची एक वेगळी शाखा सुरू झाली. गोऱ्यांच्या ग्रंथालयात त्यांना प्रवेश नव्हता. त्या शाखेचा प्रमुख म्हणून थॉमस फाउंटन ब्लू यांना नेमले. त्यांचे आई-वडील गुलामीत राहिलेले. ब्लू यांचे शिक्षण धर्मशास्त्राचे, कामाचा अनुभव काळ्या तरुणांच्या संघटनेतला. ग्रंथालयाची पदवी त्यांच्याकडे नव्हती, कारण दक्षिणेत काळ्या माणसाला ती देणारे कॉलेजच नव्हते. पण वस्ती त्यांना ओळखत होती आणि ते वस्तीला.

आता बघा त्यांनी काय केले. आमची तळमळ हीच आमची पदवी, असे ते म्हणत बसले नाहीत. त्यांनी त्याच शाखेत प्रशिक्षणाचा वर्ग सुरू केला. पुस्तकांची नोंद कशी करायची, वर्गीकरण कसे करायचे, लहान मुलांशी कसे वागायचे, हे शिकायला दक्षिणेतल्या दुसऱ्या शहरांतून काळे तरुण-तरुणी तिथे येत आणि आपापल्या गावी जाऊन ग्रंथालये चालवत. काळ्या ग्रंथपालांसाठी हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये स्वतंत्र कॉलेज निघाले ते १९२५ मध्ये, म्हणजे ब्लू यांनी शाखा हाती घेतल्यावर वीस वर्षांनी. तोवर दक्षिणेतल्या काळ्या ग्रंथपालांना आधार होता तो बाहेरून आलेल्या एका माणसाने उभ्या केलेल्या वर्गाचा.

या उदाहरणांतून आम्ही एवढेच शिकतो की बाहेरचा माणूस ग्रंथालयात आला म्हणून ग्रंथालय बुडत नाही. पण तो टिकला आणि मोठा झाला तो शिक्षणामुळे. सावित्रीबाईंचेही तेच आहे. जोतीरावांनी त्यांना ‘तुला मुलींची कळकळ आहे, आता जा आणि शिकव’ असे सांगून शाळेत उभे केले नाही. आधी त्यांना शिकवले, अध्यापनाचे शिक्षण घेऊ दिले आणि मग त्या शिक्षिका झाल्या. कळकळ आणि कसब यांची फारकत आपल्या परंपरेत कधी नव्हती.

‘आवड’ हे ‘गुणवत्ते’चेच नवे नाव

आता दुसरी बाजू. पदवी मोजता येते. ती खोटी असेल तर तपासता येते. तिला गुण असतात, वर्ष असते, विद्यापीठ असते. आवड कशी मोजणार? समोर बसलेल्या तीन-चार माणसांना जी आवड वाटेल, ती आवड. त्यांच्या घरात जे वाचले जाते ते वाचन. बाकीचे म्हणजे ‘चळवळीचे साहित्य’.

‘मेरिट’ या शब्दाचा खेळ आपण पन्नास वर्षे पाहत आलो आहोत. लेखी परीक्षेत आपली पोरे पुढे जाऊ लागली तशी मुलाखतीचे गुण महत्त्वाचे झाले. कागद आपल्याही हातात आला की कागदाची किंमत कमी होते आणि ‘व्यक्तिमत्त्व’, ‘संस्कार’, ‘कल’ असे शब्द पुढे येतात. ‘वाचनाची आवड’ हा शब्द गोड आहे, म्हणून जास्त सावध राहिले पाहिजे. गोड शब्दाला विरोध करणारा माणूसच अरसिक ठरतो.

आवड आकाशातून पडत नाही. ज्या घरात तीन पिढ्यांपासून पुस्तकांचे कपाट आहे, त्या घरातल्या मुलाला ती न मागता मिळते. आपल्या घरांत ती मिळवावी लागते आणि तिची किंमत मोजावी लागते. रामजी सुभेदारांना भीमरावाच्या पुस्तकांसाठी आपल्या लेकींचे दागिने गहाण टाकावे लागत, हे आपण सगळ्यांनी वाचले आहे. पुढे ज्या माणसाने पुस्तकांसाठी दादरला राजगृह बांधले, त्याच्या वाचनाचे मूळ त्या गहाण दागिन्यांत आहे. त्या रामजींच्या जागी आज धुणेभांडी करणारी आई आहे. ‘आई-वडील काय वाचतात?’ हा प्रश्न तिच्या मुलीला विचारणे म्हणजे आवडीची परीक्षा घेणे नव्हे, जात विचारणे आहे.

याचा अर्थ आम्ही व्यवसायाच्या कागदाची पूजा करतो असा कोणी काढू नये. हा व्यवसाय कुठून आला तेही आपल्याला माहीत असले पाहिजे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथेच १८८७ मध्ये मेल्विल ड्युई यांनी जगातले पहिले ग्रंथपालांचे कॉलेज काढले होते. आपल्या ग्रंथालयांतल्या पुस्तकांच्या पाठीवर जे दशांश आकडे असतात ती पद्धतही त्यांचीच. त्यांनी विश्वस्तांचा विरोध असताना स्त्रियांना प्रवेश दिला, ही मोठीच गोष्ट. पण स्त्रिया कमी पगारात काम करतात, हाही हिशेब त्यामागे होता. आणि हेच ड्युई जो क्लब चालवत त्यात ज्यू आणि काळ्या लोकांना मज्जाव होता. १९०५ मध्ये ज्यू पुढाऱ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि ड्युईंना न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथपालाचे पद सोडावे लागले. २०१९ मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने आपल्या पदकावरचे त्यांचे नाव काढून टाकले. तेव्हा पदवीचे दारही धुतल्या तांदळासारखे नाही. पण त्या दारावर अटी लिहिलेल्या असतात. लिहिलेल्या अटीविरुद्ध भांडता येते, कोर्टात जाता येते, मोर्चा काढता येते. कोणाच्या मनातल्या आवडीविरुद्ध मोर्चा कुठे नेणार?

आवडीच्या नावावर फुकट राबणे

तिसरी गोष्ट पैशाची. ‘आवड’ हा शब्द जाहिरातीत आला की त्याच्या पाठोपाठ ‘मानधन’ हा शब्द का येतो, याचा विचार केला आहे का? ज्याला आवड आहे तो पगार कशाला मागेल, असा त्यामागचा हिशेब आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. या कायद्याखाली राज्यातल्या हजारो ग्रंथालयांना अ, ब, क, ड असा दर्जा आणि त्याप्रमाणे अनुदान मिळते. खेड्यांतली आणि वस्त्यांमधली बहुतेक ग्रंथालये क आणि ड वर्गात. ड वर्गाचे अनुदान कित्येक वर्षे वर्षाला तीस हजार रुपये होते. २०२३ मध्ये शासनाने ६० टक्के वाढ केली, म्हणजे ते ४८ हजार झाले. ही सगळीच्या सगळी रक्कम ग्रंथपालाच्या हातावर ठेवली तरी महिना ४ हजार होतात. पण त्यातूनच पुस्तके घ्यायची, वर्तमानपत्रांची बिले द्यायची, वीज भरायची. निम्मे पैसे त्यात गेले तर ग्रंथपालाला उरतात महिना २ हजार, दिवसाला ७० रुपयांच्या आत. एवढ्यात येण्याजाण्याचे भाडे आणि चहा तरी सुटतो का?

आता सांगा, या पैशात ‘आवड’ नसलेला कोण काम करेल? म्हणजे आवड हा निकष इथे आधीच लागू आहे. आमच्या वस्त्यांमधल्या वाचनालयांची दिवाबत्ती आजवर अशा आवडीवरच चालली आहे. त्या माणसांचा आम्हाला अभिमान आहे. पण शासनाने आणि संस्थाचालकांनी त्या अभिमानावर आपला खर्च वाचवावा, हे आम्हाला मान्य नाही.

फोबाझी एट्टार या अमेरिकेतल्या काळ्या ग्रंथपाल अभ्यासकाने २०१८ मध्ये याच गोष्टीवर बोट ठेवले. ग्रंथालय म्हणजे पवित्र जागा, ग्रंथपाल म्हणजे व्रतस्थ, अशी भावना रुजवली की कमी पगार, जादा काम, अपमान यांविषयी बोलणे म्हणजे व्रतभंग वाटू लागतो, असे तिचे म्हणणे. आपल्याला हे समजायला अमेरिकेत जायची गरज नाही. या देशात ‘सेवा’ या शब्दाखाली कोणाकडून काय काय करून घेतले गेले, ते आपल्या बापजाद्यांना विचारा. गटार साफ करण्यालाही इथे पुण्यकर्म म्हटले गेले आहे. ज्याचा मोबदला द्यायचा नसतो त्याचा गौरव करायचा, ही इथली जुनी रीत. ग्रंथालयात ती रीत पुस्तकाच्या कव्हरखालून येते, एवढाच फरक.

एका जागेचा सापळा

चौथी गोष्ट आरक्षणाची, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. तरुण कार्यकर्त्यांनी ही नीट समजून घ्यावी.

ग्रंथालयात ग्रंथपालाची जागा बहुधा एकच असते. शाळेत एक, कॉलेजात एक, सार्वजनिक वाचनालयात एक. १९९८ मध्ये चंदीगडच्या पीजीआय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की संवर्गात एकच पद असेल तर त्यावर आरक्षण लावता येणार नाही, कारण ते शंभर टक्के आरक्षण होईल. आपल्या राज्यातली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये शासनाची नाहीत. ती संस्थांची आहेत, शासन त्यांना अनुदान देते. प्रत्येक संस्था वेगळी, प्रत्येकीचे कार्यकारी मंडळ वेगळे, प्रत्येकीत ग्रंथपाल एक. मग बिंदुनामावली फिरणार कुठे? हजारो जागा आहेत, पण एक-एक करून वाटलेल्या. आणि नेमणूक करणारे मंडळ कोणत्या आडनावांचे असते, ते आपापल्या गावातल्या जुन्या वाचनालयाच्या भिंतीवरचा पदाधिकाऱ्यांचा फलक वाचून बघा.

अशा ठिकाणी आजवर एकच गोष्ट आपल्या बाजूची होती, ती म्हणजे लेखी पात्रता. आपल्या समाजातल्या अनेक मुलामुलींनी बी.लिब. केले ते याच हिशेबाने. निदान पात्र उमेदवारांच्या यादीत तरी नाव लागते. आता तीही अट काढून तिथे ‘आवड’ ठेवली तर काय उरेल? मंडळाला ओळखीचा, शेजारचा, नात्यातला कोणीही ‘पुस्तकवेडा’ म्हणून घेता येईल. त्याच्याविरुद्ध माहिती अधिकारात मागायला एक कागदसुद्धा नसेल.

मग आमची मागणी काय?

नुसता विरोध करून आम्ही थांबणार नाही. तसे केले तर आमच्या विहारातली ती मुलगी दोन्हीकडून बाहेर राहते: पदवी नाही म्हणून इथून, आवड दिसली नाही म्हणून तिथून. आम्हाला दार उघडे हवे आहे, पण ते सगळ्यांना दिसेल असे आणि नियमाने उघडलेले.

एक. ग्रंथपालाच्या रिक्त जागा आधी पदवीधारकांमधून, पूर्ण वेतनश्रेणीवर भरा. बाहेरच्यांना घेण्याच्या नावाखाली ही पदे मानधनावर नेता कामा नयेत.

दोन. सहायक, लिपिक यांसारख्या खालच्या पदांवर व्यवसायाबाहेरचे लोक जरूर घ्या. पण आवड विचारू नका, काम बघा. उमेदवारासमोर वीस पुस्तके ठेवा आणि नोंद करायला सांगा. एक वाचक समोर बसवा आणि त्याला हवे ते शोधून द्यायला सांगा. वस्तीतले, विहारातले, वसतिगृहातले वाचनालय किती वर्षे सांभाळले, त्याच्या वह्या मागवा आणि त्याला ठरलेले गुण द्या. हे गुण आधी जाहीर करा.

तीन. निवड झाली की शिक्षणाचा खर्च शासनाने करावा. जिल्हा ग्रंथालय संघांमार्फत प्रमाणपत्राचे वर्ग चालतातच. नोकरीत घेतलेल्या माणसाला पगारी वेळेत तो वर्ग करू द्या, पुढे पदवीही करू द्या, आणि पदवी झाल्यावर ग्रंथपालपदाचा रस्ता मोकळा ठेवा. रंगनाथन यांना नेमणूक झाल्यावर शिकायला लंडनला जाता आले. आमच्या मुलीला जिल्ह्याच्या गावापर्यंत तरी जाता आले पाहिजे.

चार. अनुदानित ग्रंथालयांतली पदे संस्थानिहाय न मोजता जिल्हानिहाय एका संवर्गात आणा, म्हणजे एका जागेचा सापळा तुटेल आणि बिंदुनामावली खऱ्या अर्थाने लागू होईल. संस्था आपला कारभार आपण बघू द्यात, पण पगार जनतेच्या पैशातून द्यायचा तर निवडही जनतेच्या नियमाने व्हावी.

पाच. पैसा कुठून आणायचा, असे विचारणाऱ्यांसाठी. रंगनाथन यांच्या प्रयत्नांतून मद्रास प्रांतात १९४८ मध्ये जो ग्रंथालय कायदा झाला, त्यात मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर आहे. महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकर नाही. ज्या राज्यात मोठमोठ्या इमारती रोज उभ्या राहतात, तिथे ग्रंथपालाला २ हजारांवर ठेवण्याचे कारण पैशाची टंचाई हे असू शकत नाही.

आपल्या माणसांना दोन शब्द

बी.लिब. झालेल्या मित्रांनो, तुमचा राग रास्त आहे. पण तो वस्तीतल्या कार्यकर्त्यावर काढू नका. तुमची जागा त्याने घेतलेली नाही. तुमची जागा रिकामी ठेवणाऱ्यांनी तुमच्या दोघांच्या मध्ये एक अकरा महिन्यांची जाहिरात टाकली आहे. तुम्ही शिकलात ते आपल्या वाचनालयांत येऊन शिकवा. महिन्यातून दोन रविवार पुरेत. थॉमस ब्लू यांना जे एका शाखेत जमले ते आपल्याला तालुक्याच्या एका विहारात का जमू नये?

वाचनालये चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनो, तुमची तळमळ आम्ही रोज पाहतो. पण तळमळीचा पुरावा ठेवा. दाखल नोंदवही नीट ठेवा, देवघेवीची वही ठेवा, रोज किती वाचक आले त्याची नोंद करा, बाद केलेल्या पुस्तकांची यादी ठेवा. उद्या कोणी विचारले तर भावना नको, वह्या पुढे टाका. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर ग्रंथालये काढणे हेही होते. शंभर वर्षांपूर्वी बाबासाहेबांनी ग्रंथालयाला चळवळीच्या कामाच्या यादीत बसवले. ते काम करणाऱ्या माणसाचे पोट भरेल अशी व्यवस्था मागणे हेही चळवळीचेच काम आहे.

त्या मुलीबद्दल सांगायचे राहिले. ती आता प्रमाणपत्राच्या वर्गाला जाते. फी आम्ही वर्गणी काढून भरली. संध्याकाळी विहारात येते आणि जे शिकली ते बाकीच्या तिघींना शिकवते. परवा तिने अठराशे पुस्तकांचे नव्याने वर्गीकरण करायला घेतले. पुढच्या वेळी मुलाखतीला जाईल तेव्हा ती दाखल नोंदवही सोबत नेणार आहे. समोरच्यांनी मागितली नाही तरी टेबलावर ठेवणार आहे.

फी वर्गणीतून भरावी लागली, याची आम्हाला लाज वाटत नाही. लाज ज्यांना वाटायला हवी त्यांच्यापर्यंत हे म्हणणे पोचवायचे आहे. आपापल्या जिल्ह्यातल्या ग्रंथालयांत किती पदे आहेत, किती रिक्त आहेत, किती मानधनावर आहेत आणि त्यांवर कोण आहे, याची माहिती अधिकारात अर्ज करून यादी काढा. पुढचे भांडण त्या यादीवरून करू.

जय भीम!